मदत हवी आहे : खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी गेल्यावर गुठळीचं इंजेक्शन चालू ठेवायचं का?

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची आहे. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं, या आठवड्यात डिस्चार्ज आहे. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉर्डात तिला रोज संध्याकाळी पोटावर एनॉक्सापॅरिनचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. पोटऱ्यांना हवेने फुगणारे पट्टेही लावतात, पण झोप लागत नाही म्हणून ती ते काढायला लावते.

डिस्चार्जच्या कच्च्या कागदावर डायक्लोफिनॅक (वेदनाशामक), कॅल्शियम आणि पित्ताची गोळी आहे, इंजेक्शनचा उल्लेखच नाही. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर सकाळी लवकर येऊन जातात, तेव्हा जवळ भाऊ असतो. त्याला प्रश्न लिहून द्यायचे आहेत.

ती हृदयासाठी रोज ७५ ची अ‍ॅस्पिरिन घेते. भाऊ म्हणतो, रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे, मग इंजेक्शन कशाला? शिवाय तिचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या रक्त तपासणीतला आकडा) थोडं वाढलंय, त्याचा काही संबंध येतो का? सगळ्यात मोठी काळजी म्हणजे ती चालतच नाही. पुन्हा पडेन या धास्तीने वॉकर धरून दोन पावलं टाकते आणि बसते. मावशी पाय चोळून देते, तेवढ्याने भागेल का?

प्रतिसाद

ताई, मी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. इंजेक्शनचा प्रश्न उद्याच विचारा, डिस्चार्जच्या घाईत तो राहूनच जातो. रक्त संथ होणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं ही गुठळीची तीन कारणं. खुब्याच्या ऑपरेशनात तिन्ही एकदम येतात आणि घरी गेल्यावरही धोका काही आठवडे टिकतो. म्हणून साधारणपणे किमान १०-१४ दिवस आणि शक्यतो ३५ दिवसांपर्यंत औषध देतात. काहींना इंजेक्शनऐवजी गोळी देतात. आईंसाठी काय, ते डॉक्टरच ठरवतील.

क्रिएटिनिनचं जरूर सांगा. एनॉक्सापॅरिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. वय जास्त आणि वजन कमी असेल तर नुसत्या आकड्यावरून मूत्रपिंडाचं काम कळत नाही, वय-वजन धरून हिशेब करावा लागतो. काम फारच कमी असेल तर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. आणि डायक्लोफिनॅकबद्दल मला इंजेक्शनइतकीच काळजी वाटते. अ‍ॅस्पिरिन, एनॉक्सापॅरिन आणि हे असं तिन्ही एकत्र म्हणजे रक्तस्रावाचा धोका, वर मूत्रपिंडावर ताण. दुसरं वेदनाशामक चालेल का, हे भावाच्या कागदावर पहिलं लिहा.

दुखतं म्हणूनही माणूस चालत नाही. फिजिओच्या वेळेआधी वेदनाशामक मिळालं तर पावलं वाढतात, असं मी नेहमी पाहते. पलंगावर असताना दर तासाला घोटे वर-खाली करायला लावा. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, चोळण्याने ते काम होत नाही. एक पाय सुजला किंवा पोटरी दुखू लागली तर अजिबात चोळू नका, आधी दाखवा. पट्टे काढून ठेवले की त्यांचा उपयोग शून्य, हे आईंना प्रेमाने समजवा.

प्रतिसाद

भावाला सांगा, ७५ ची अ‍ॅस्पिरिन मुख्यतः धमन्यांतल्या गुठळीसाठी असते. शिरांतल्या गुठळीवर तिचा परिणाम कमी. काही सांधेरोपणांनंतर अ‍ॅस्पिरिन वापरतात, पण तो डॉक्टरांनी आखलेला क्रम असतो. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडल्या, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. भावाने कागद वाचूनच दाखवला. डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक काढून पॅरासिटामॉल दिलं, रक्ताचा रिपोर्ट पाहून इंजेक्शन चालू ठेवलं आणि बंद करायची तारीख लिहून दिली. इंजेक्शन मी देणार आहे. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा का? आणि एखाद्या दिवशी विसरले तर?

प्रतिसाद

तयार सिरिंजमधला बुडबुडा तसाच राहू द्या. बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत घाला. सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका, नंतर ती जागा चोळू नका. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. विसरलात तर आठवेल तेव्हा द्या, पण दोन डोस एकदम कधीच नाहीत. काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना गाठा.