एक वर्ग, दोन बाई: तुमचं कसं जमलं?

काल कपाट आवरताना एक जुनी वही हाताला लागली आणि सगळं आठवलं. आम्ही दोघी एकाच वर्गावर. मला मुलांची बडबड चालायची, तिला टाचणी पडली तरी आवाज यायला हवा. कित्येक दिवस आम्ही पोरांमार्फत बोलायचो, "जा, त्या बाईंना सांग खडू संपले." मग एकदा एकाने पाणी प्यायला जाऊ का विचारलं, मी हो म्हटलं, त्याच क्षणी ती नाही, आणि पोरगं दारात, एक पाय आत एक बाहेर. दोघींनाही लाज वाटली. मधल्या सुट्टीत ठरवलं, एकीने शब्द दिला की मुलांसमोर दुसरीने मोडायचा नाही, पटलं नाही तर वहीत लिहायचं. पहिल्याच पानावर तिचं अक्षर: "तुम्ही शिकवताना मी फळा पुसते त्याचा राग येतो का?" येत होता!! तुमचे अनुभव लिहा.

पोरं बरोब्बर ओळखतात हो कोणत्या बाईकडे काय मागायचं 😄 घरी आईबाबांचं तेच

आमचं शिफ्टमुळे. मी 'पुसू नये' लिहून जायचे, सकाळी फळा चकाचक. शेवटी मध्ये रेघ मारली, डावा तुमचा उजवा माझा. भांडण मिटलं पण कपाटाच्या किल्लीवरून अजून चालूच आहे, ते परत कधीतरी, कुकर लावलाय

सहअध्यापनाबद्दल (म्हणजे एका वर्गाला दोघींनी मिळून शिकवणं) लिन कुक आणि मेरिलिन फ्रेंड या अमेरिकन अभ्यासकांचा १९९५ चा लेख आहे, त्यात एकीने शिकवायचं दुसरीने मदत करायची, गट वाटून घ्यायचे, दोघींनी मिळून शिकवायचं असे प्रकार दिलेत. आमच्यात पहिलाच चालायचा आणि मदतनीस कायम मीच. स्पष्ट बोलले की एक दिवसाआड बदलू. तिला वाटत होतं मला पुढे उभं राहायला आवडत नाही!

माझं नाही मिटलं. वर्षभर सहन केलं, मग वर्ग बदलून मागितला. सगळ्यांचं जमतंच असं नाही

^^ अगं बरं केलंस. रोज डोकं दुखण्यापेक्षा बरं

खडूच्या धुळीने शिंका येतात त्यावर कुणाला काही उपाय माहितीये का

ओला फडका. आणि ताई, त्या वहीत पुढे काय आहे?

पुढे तक्रारी कमी होत गेल्यात. शेवटची आठ-दहा पानं नुसता फुली-गोळा, तोही परीक्षेच्या सुपरव्हिजनला 🙈