शब्दचर्चा : आयोग, परिषद आणि ‘बहुमत’

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या जागी २००६ मध्ये मानवी हक्क परिषद आली. या घडामोडीला मी ‘आयोगातील सुधारणा’ म्हटले होते, संपादकांनी ते ‘आयोगाची पुनर्रचना’ असे बदलले. कोणता शब्द योग्य? शिवाय ‘परिषद’ म्हटले की दोन दिवसांचा मेळावा डोळ्यांसमोर येतो, त्याला पर्याय आहे का?

प्रतिसाद : सुधारणा असो वा पुनर्रचना, मूळ संस्था टिकली तरच हे शब्द शोभतात. इथे १९४६ पासूनचा, शेवटी ५३ सदस्यांचा झालेला आयोग मोडीत निघाला आणि आमसभेने १५ मार्च २००६ रोजी १७० विरुद्ध ४ मतांनी ४७ सदस्यांची नवी संस्था उभी केली. ‘आयोगाचे विसर्जन आणि परिषदेची स्थापना’ असे सरळ लिहावे.

‘परिषद’ मात्र बदलू नये. गोलमेज परिषद आणि पत्रकार परिषद भरतात व उठतात हे खरे, पण जिल्हा परिषदेला कोणी मेळावा समजत नाही. उलट घोटाळा ‘आयोग’ या शब्दानेच अधिक होतो. आपल्याकडील मानवी हक्क आयोगात व्यक्ती तक्रारींची चौकशी करतात, तर जिनिव्हातल्या आयोगात सदस्य म्हणून सरकारेच बसत, आणि २००३ मध्ये त्याचे अध्यक्षपद लीबियाकडे गेले तेव्हा आरोपीच न्यायासनावर बसल्याची टीका झाली.

वाटाघाटींत खरी ओढाताण झाली ती ‘बहुमत’ या शब्दावर, आणि मराठी बातम्यांत नेमका तोच ढिसाळपणे येतो. सदस्यांची निवड दोन-तृतीयांश मतांनी व्हावी, असे महासचिव कोफी अन्नान यांनी २००५ मध्ये सुचवले होते. तडजोडीत ती अट गळाली आणि निवडीसाठी आमसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते पुरेशी ठरली. विरोधी मत देताना अमेरिकेने हाही आक्षेप घेतला. दोन-तृतीयांश उरले ते निलंबनासाठी, तेही ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या’ सदस्यांचे. हे चार शब्द गाळले तर एप्रिल २०२२ मधील रशियाच्या निलंबनाचे गणित वाचकाला सुटणारच नाही : १९३ देशांच्या सभेत ९३ मते म्हणजे निम्मीसुद्धा नव्हेत, पण विरोधात २४ होती आणि तटस्थ राहिलेले ५८ देश मोजणीत धरले गेले नाहीत. (त्या बातमीत काहींनी ‘हकालपट्टी’ छापले, ठरावानुसार ते सदस्यत्वाच्या हक्कांचे निलंबनच होते. लीबियाचे २०११ मध्ये निलंबन झाले आणि त्याच वर्षी ते उठलेही.)

प्रश्नकर्ता : मग ‘तटस्थ’ आणि ‘अनुपस्थित’ यांत मोजणीपुरता फरक उरत नाही ना?

प्रतिसाद : मोजणीत नाही, पण अर्थात आहे. भारत त्या ५८ देशांत होता. तो सभागृहात हजर होता, त्याने आपली भूमिका मांडली आणि मत दिले नाही. त्याला ‘गैरहजर’ लिहिणे चूक ठरेल.