मदत हवी आहे: किनाऱ्याजवळच्या जुन्या घराची परवानगी

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातलं आजोबांचं घर बरीच वर्षं बंद आहे. चिऱ्याच्या भिंती भक्कम आहेत, पण वासे वाळवीनं खाल्ले आणि माजघरावरची कौलं खाली आली. आम्हाला तिथे कायमचं राहायला जायचंय. घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत, सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) ना-विकास क्षेत्रात, म्हणजे नवीन बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात येतं. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती तिथे चालते, जोतं आणि चटईक्षेत्र मात्र वाढवता येत नाही, एवढं कळलंय. मग 'अधिकृत' ठरायला घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि नमुना आठचा (ग्रामपंचायतीच्या घर-आकारणी नोंदीचा) उतारा पुरतो का? सातबारा सामाईक आहे, चुलत्यांची लेखी संमती लागेल का? अर्ज आधी ग्रामपंचायतीत द्यायचा की नगररचना कार्यालयात? आईसाठी संडास घरातच हवाय, तिला परसात जाणं झेपत नाही. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा, पावसाआधी निदान कौलं तरी चढवायची आहेत.