‘अपरादित्य’ हे नाव मुलासाठी कसे वाटते?

नौपाडेकर:
येत्या रविवारी आमच्या मुलाचे बारसे आहे. ठाण्यातल्या शिलाहार राजाचे नाव म्हणून सासऱ्यांनी ‘अपरादित्य’ सुचवले आहे. ‘अ’ म्हणजे नकार, मग हा ‘परादित्य’ कोण, यावरून घरात वाद सुरू आहे. शिवाय ‘अपर’ म्हटले की सरकारी नोकरीतल्या नणंदेला अपर जिल्हाधिकारीच आठवतात. नावाचा अर्थ काय आणि ते ठेवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनीपोथी:
येथे नकार नाहीच. ‘अपर’ आणि ‘आदित्य’ यांचा हा संधी आहे. ‘अपर’ म्हणजे दुसरा, म्हणून सरळ अर्थ ‘जणू दुसरा सूर्य’. नकार आहे तो ‘अपराजित’मध्ये, आणि तेही याच घराण्यातल्या एका राजाचे नाव असल्याने गल्लत होते. ‘अपर’ म्हणजे पश्चिमेकडचा असेही आहे. कोकणाला अपरान्त म्हणत ते त्यावरूनच. त्यामुळे कोकणच्या राजाच्या या नावात मला मावळतीचा सूर्यही ऐकू येतो, अर्थात व्युत्पत्ती म्हणून नव्हे. नणंदबाईंचे अपर जिल्हाधिकारीही ‘दुसरे’च, तेव्हा त्यांची थट्टा अगदीच निराधार नाही.

कोपरीकर:
श्रीस्थानक, म्हणजे आपले ठाणे, ज्यांची राजधानी होती त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांत बाराव्या शतकात या नावाचे दोन राजे झाले. पहिल्याने याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर लिहिलेली टीका, म्हणजे भाष्य, ‘अपरार्क’ म्हणून प्रसिद्ध आहे. अर्क म्हणजेही सूर्यच, तेव्हा राजाचे नावच पर्यायी शब्दाने ग्रंथाला मिळाले. मंख कवीच्या ‘श्रीकंठचरित’ात काश्मीरमधल्या विद्वत्सभेला आलेला याच राजाचा दूत तेजकंठ भेटतो. दुसऱ्या अपरादित्याचा ११८७ सालचा परळचा शिलालेख तर आवर्जून पाहण्यासारखा आहे, कारण संस्कृत मजकुरानंतर दान मोडणाऱ्याला दिलेला शाप चक्क मराठीत आहे.

घोडबंदरची_आजी:
नाव ठेवावे, पण ‘अपरार्क’च्या मोहात पडू नये; आपल्याकडे ‘नुसता अर्क आहे’ कोणाला म्हणतात ते ठाऊकच आहे. शाळेत त्याचे आपोआप ‘आदित्य’ होईल, आणि वर्गात आणखी दोन आदित्य असतील, म्हणून घरची हाक आत्ताच ठरवावी. एकमत होत नसेल तर दाखल्याची घाई नको. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विलंबशुल्काशिवाय घालता येते. मात्र इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरले की सगळीकडे तेच ठेवावे.

नौपाडेकर:
आभारी आहे. परळचा शाप ऐकून सासरे फारच खूश झाले. पाळण्यात ‘अपरादित्य’च, आणि हाक ‘अपू’.