आण्णांच्या फुटबॉलची गोष्ट सांगायचीय, कशी सांगू?

पेठेतला_पोरगा
नमस्कार मंडळी. कोल्हापूरचाच आहे, पेठ आणि तालीम मुद्दाम सांगत नाही, नाहीतर खाली पेठापेठांचंच सुरू होईल. आमचे आण्णा तालमीच्या फुटबॉल टीमकडून राइट आऊटला, म्हणजे उजव्या कडेनं पुढं, खेळायचे. १९८१ च्या डिसेंबरात मुंबईत एका मिलच्या टीमची ट्रायल दिली, निवड झाली, जानेवारीत या म्हणाले, खेळायचं पण आणि खात्यात नोकरी पण. आण्णा गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. परळला गाववाल्यांच्या खोलीत चार-पाच महिने काढले, संप काय मिटंना. परत आले ते उद्यमनगरात लेथवर उभे राहिले, ते रिटायर होईपर्यंत.

हे सगळं मला आईकडनं तुकड्यातुकड्यानं कळलंय, ते स्वतः एक अक्षर काढत नाहीत. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, आपला अनिकेत जाधव टीममधे म्हणून तिन्ही मॅच बघितल्या. कोलंबियाबरोबर जीक्सननं कॉर्नरवर हेडर घातला तेव्हा हा माणूस गुडघे विसरून ताडकन उभा राहिला, आणि लगेच कोलंबियानं दुसरा गोल केल्यावर पिशवी घेऊन भाजी आणायला गेला. बस्स. एवढंच बोलणं.

आता माळ्यावर एका डब्यात त्यांचे बूट सापडलेत, चामडं वाळून पार लाकूड झालंय. पासष्टावा वाढदिवस आलाय. बूट फ्रेम करून, एक व्हिडिओ करून सगळ्यांना दाखवावा असं डोक्यात आहे, 'अपुरं स्वप्न' असं काहीतरी नाव देऊन. कुणी केलंय का असं? आण्णांना बोलतं कसं करायचं?

रंकाळ्याचा_वारा
भावा, समोर कॅमेरा लावून बसवलास तर आयुष्यात बोलणार नाहीत. माझ्या वडलांचं मी केलंय, ते पैलवान होते. शाहू स्टेडियमला मॅचला घेऊन जा, खारे शेंगदाणे घे, रेकॉर्डिंग करतोय हे आधी सांग आणि मोबाईल खिशात ठेव. 'तुम्हाला तेव्हा काय वाटलं' हे तर विचारूच नको. मुंबईला जाताना खिशात किती पैसे होते, खानावळीत काय मिळायचं, बॉल कसला होता, असं विचार. पैशाचं विचारलं की आमची म्हातारी माणसं दोन तास बोलतात, अनुभव आहे.

कागदकिडा
फोटो असतील तर आधी मागची बाजू बघा, पूर्वी नावं पेनानं लिहून ठेवायचे. आणि करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुन्या पेपरचं विचारा, १८५० ची संस्था आहे ती. लीगच्या मॅचचे निकाल स्थानिक पेपरात येतातच, आडनावासकट. महिना माहीत असला तर शोधायला सोपं पडतं, नसला तर धूळ खायची तयारी ठेवा.

जुना_हाफ
मी वयानं तुझ्या आण्णांच्याच बरोबरीचा असेन, त्यांच्या पेठेविरुद्ध हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेला पण असेन, लाथा पण घातल्या असतील, सांग त्यांना. ते 'अपुरं' वगैरे काढून टाक बघू. गांधी मैदानात खेळलेल्या माणसाला अपुरा म्हणतोस होय रे? त्या संपात अडीच लाख कामगार होते, त्यात आपले किती, साताऱ्याचे किती, कोकणातले किती. तेव्हा मिल, बँक, रेल्वे यांच्या टीमा होत्या म्हणजे खेळणाऱ्याला पगार होता, मिलच बंद पडली तर टीम कुठली राहतीय. माझा मेव्हणा खेळाडू नव्हता, नुसता साचेवाला, म्हणजे मिलमधे मागावरचा कामगार, तो पण असाच वळकटी घेऊन परत आला. रडकं संगीत घालून व्हिडिओ करू नको, एवढंच सांगतो. गडी चिडेल.

पेठेतला_पोरगा
सगळ्यांना थँक्यू. रविवारी मॅचला गेलो. वाऱ्या, तुझं शेंगदाण्याचं बरोबर निघालं. पहिला हाफ गप्प, मग मी विचारलं ट्रायलला बूट कुठले होते, तर म्हणाले माझे कुठले, माझ्याकडं कॅनव्हासचे होते, ते फाटलेले. आमच्या लेफ्ट बॅकनं त्याचे काढून दिले, एक नंबर मोठे होते, पुढं पेपर कोंबून खेळलो. मुंबईहून परत आलो तोवर तो इचलकरंजीला मागावर कामाला गेलेला, द्यायचे राहूनच गेले. म्हणजे मी जे फ्रेम करायला निघालो होतो ते आण्णांचे बूटच नाहीत!

काका, तुमचा निरोप दिला. हसले आणि म्हणाले, 'हाफ म्हणजे उंच का बुटका ते विचार, बुटका असला तर लाथ आठवतीया.'

व्हिडिओ नंतर बघू. आता त्या लेफ्ट बॅकना शोधायचंय, आण्णा स्वतः बूट घेऊन जाणार म्हणतायत, कालपासून तेल लावून चामडं मऊ करायला बसलेत. नाव इथं टाकत नाही, ऐंशी-ब्याऐंशीला कोल्हापुरातनं इचलकरंजीला मागावर गेलेला कुणी फुटबॉलवाला माहीत असेल तर मेसेज करा.

जुना_हाफ
बुटकाच. मेसेज केलाय बघ.