मालवण: वाळूत रुतलेली गाडी, खरचटलेला गुडघा आणि फाल्गुनातली दुसरी फेरी

निशिगंधा (पुणे)

फाल्गुनात पुन्हा मालवणला जायचं घाटतंय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी १३. गेल्या खेपेला जे झालं ते आधी सांगते, म्हणजे माझे प्रश्न कळतील.

कोल्हापूर-राधानगरी-फोंडाघाट या वाटेने गेलो. दाजीपूरजवळ रात्री दहाच्या सुमारास एका वळणावर गवा रस्त्याच्या मधोमध उभा. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी डावीकडे चरात उतरली आणि पुढचा टायर फुटला. गवा जागचा हलला नाही. तो निघून जाईपर्यंत आम्ही काचा वर करून बसलो, मग मोबाईलच्या उजेडात स्टेपनी लावली.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. सकाळी खोलीवरच खंडोबाचा नैवेद्य दाखवला, जेवलो आणि दुपारी अडीचला किनाऱ्यावर पोचलो. ओली वाळू अगदी घट्ट दिसत होती, आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्याही होत्या, म्हणून ह्यांनी गाडी सुरूच्या झाडांमधून खाली घेतली. परत वळवताना पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी पोटावर बसली. साडेतीनला लाटेचं पाणी चाकांना लागलं. मला काही सुचेना. तेवढ्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, आटपून घरी निघालेले आठ-दहा जण धावत आले. त्यांच्यातली एक आजी मला म्हणाली, "बाये, पाणी चढतला. पोरांक वर घेवन जा." बाकीच्यांनी हातांनी वाळू उपसली, चाकांखाली चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) घातली, गाडीच्या हुकाला रापणीचा दोर बांधला आणि एका हाळीसरशी ओढलं. पैसे देऊ केले, पण कुणीही घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे स्नॉर्केलिंग. तोंड पाण्यात घातल्यावर पहिल्यांदा फक्त स्वतःचा श्वास ऐकू आला, आणि मग खाली पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा. मुलगा नळीतूनच मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता. बरोबरच्या माणसाने त्याच्या हातात पाव कोंबला आणि फोटोसाठी "त्या दगडावर गुडघे टेक" म्हणून सांगितलं. तो दगड नव्हता, प्रवाळ होतं. गुडघा सोलला, जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर मुलगा मला कितीदा तरी विचारतो, "आई, त्यालाही लागलं असेल का?"

पाणी नितळ कधी असतं? गाडी कुठे लावायची? कासवाची पिल्लं दिसतील का? आणि मुलाला मी काय उत्तर देऊ?

घाटवाट (कोल्हापूर)

ताई, रात्री तो रस्ता धरूच नका. राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं, आणि मुळात गव्यांसाठीच राखलेलं. अंधार पडला की कडेच्या गवतावर ते उतरतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, त्याला धडकून लहान गाडीचं काही उरत नाही. समोर आला तर लांबच थांबा, दिवे खाली करा, हॉर्न वाजवू नका. एक ओलांडून गेला की लगेच निघायचं नाही, मागून कळप असतो.

पुण्याहून पहाटे निघा आणि उजेडात घाट उतरा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय ठेवून नव्हे. जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, गरम चाकावर पाणी ओतू नका. आणि स्टेपनीची हवा कोल्हापुरातच तपासून घ्या.

दांडीवरचा (मालवण)

ताई, तुमच्या पोराचा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. त्याला खरं सांगा: हो, लागलं. प्रवाळ म्हणजे दगडी घर बांधून राहणारे इवले जीव. त्यांची कातडी आपल्या नखाने निघेल इतकी पातळ. गोल, दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे तुमच्या पोराएवढी उंच वसाहत दिसली तर ती शंभरेक वर्षांची सहज असेल. पण चूक पोराची नाही, त्याला गुडघे टेकायला सांगणाऱ्याची आहे. इथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. प्रवाळाला तर कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे, तुटलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. पुढच्या वेळी होडीत बसायच्या आधीच सांगा: पाव नको, नांगर प्रवाळावर नको, आमची मुलं कशावरही उभी राहणार नाहीत. जो ऐकून घेईल त्याच्याच होडीत बसा. पाव खाऊन मासे होडीमागे फिरतात आणि खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात. ते शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतं.

आता पाणी. आम्ही घड्याळाआधी तिथी बघतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. तुमची गाडी रुतली ती षष्ठीला. सहाची पाऊणपट साडेचार. अडीचला तुम्ही वाळूत उतरलात तेव्हा पाणी अर्धंअधिक चढलं होतं आणि अजून दोन तास चढणार होतं. आजीने कालनिर्णय न उघडता ते सांगितलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची माती उठते, हाताची बोटं दिसत नाहीत. अष्टमी ते दशमी भांग, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी. पाणी संथ, माती खाली बसलेली. शुद्ध असो वा वद्य, त्या तीन दिवसांत या. नवमीला भरती पावणेसातला, तर आठच्या सुमारास उतरा. दुपारी वारा सुटतो, मग लाटा फुटतात आणि पोरं खारट पाणी पितात. मास्क आधी तोंडाला लावून नाकाने श्वास ओढून बघा, हात सोडल्यावर पडला नाही तर तो बरोबर बसतो. मुलाला मोठ्या माणसाचा मास्क देऊ नका. लाइफ जॅकेट दोघांनाही.

गाडी रस्त्यावर लावा. घट्ट दिसणारी ओली वाळू उभ्या गाडीखाली पाणी सोडते आणि चाक खाली जातं. आणि तुम्ही बघितलेल्या त्या चाकोऱ्यांवर विश्वास ठेवू नका, ती गाडी कशी बाहेर निघाली ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या गाडीला खारं पाणी लागलंय, खालून गोड्या पाण्याने धुतली नसेल तर आजच धुवून घ्या.

वायंगणीची (वेंगुर्ला)

कासवांचं मी सांगते. ऑलिव्ह रिडली माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर चढून अंडी घालतात, एका घरट्यात शंभरेक. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, म्हणजे फाल्गुनात दिसण्याची आशा चांगली आहे. आमच्या वायंगणीला कासवमित्र जाळीच्या कुंपणात अंडी सांभाळतात. पिल्लं सहसा पहाटे नाहीतर संध्याकाळी सोडतात. नक्की वेळ कुणी सांगू शकत नाही, म्हणून दोन दिवस हातात ठेवा.

गाडीबद्दल मलाही बोलायचंय. वाळूवर चाक गेलं तर खालचं घरटं वरून ओळखूही येत नाही. पिल्लू चार सेंटीमीटरचं. चाकोरीत पडलं की ते त्या खड्ड्यातूनच चालत राहतं, समुद्राला समांतर, आणि उजाडलं की कावळे येतात. क्षितिजाचा उजेड बघून ती समुद्र ओळखतात, म्हणून हेडलाइट पेटवले की उलटी रस्त्याकडे येतात. मी अशी पिल्लं उचलली आहेत. सगळी जिवंत नव्हती. मुलांना टॉर्च किंवा फ्लॅश लावू देऊ नका, आणि पिल्लू हातात घ्यायचा हट्ट करू देऊ नका. वाळूवरून स्वतः चालत जाणं त्याच्यासाठी गरजेचं आहे.

निशिगंधा (पुणे)

तिघांचेही मनापासून आभार. रात्री जेवताना ह्यांना आणि मुलांना सगळं वाचून दाखवलं. चाकोरीतल्या पिल्लांपाशी आल्यावर हे म्हणाले, "गाडी पुन्हा वाळूवर नेणार नाही." मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही, मग कालनिर्णय घेऊन आला आणि फाल्गुनातल्या नवम्यांवर पेन्सिलने गोल केले. वद्य नवमी त्याच्या परीक्षेत येते, म्हणून शुद्ध नवमी धरली आहे. वायंगणीसाठी पुढचे दोन दिवस मोकळे ठेवते.

एकच राहिलं. त्या रापणवाल्यांना भेटायचंय. पैसे ते घेणार नाहीत. पुण्याहून काय आणू?

दांडीवरचा (मालवण)

काही आणू नका. रापण किनाऱ्याला लागली की दोराला हात लावा, चौघांनीही. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तो घेऊन जा. आजी मिळाली तर तिला पोराचा गुडघा दाखवा.