गोल्डफिश तळाशी बसून आहे, औषध देऊनही फरक नाही. तातडीने मदत हवी आहे

चिंचगूळ:
चार दिवसांपूर्वी गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून दुकानातून निळं औषध आणून घातलं. दुकानदाराने सांगितलं त्यापेक्षा जरा जास्तच. फरक शून्य. उलट कालपासून तो कोपऱ्यात पर मिटून बसतो, मध्येच वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. पाणीही दुधाळ दिसतंय. दुसरं कुठलं औषध द्यावं? प्लीज, फक्त नाव सांगा. लेक शाळेतून यायच्या आत काहीतरी करायचंय.

खाडीवाला:
टाकी किती लिटरची? मासे किती? फिल्टर आहे का? पाणी शेवटचं कधी बदललं, किती बदललं, नळाचं की टँकरचं? हे कळल्याशिवाय नाव कसलं सांगायचं?

मीठभाकर:
मीठ टाका. लिटरला १ ग्रॅम, खडे मीठ, मगात विरघळवून. माझे मासे आठ वर्षं मिठावर ठणठणीत आहेत. ते निळं-हिरवं सगळं दुकानदारांची पोटं भरायला.

चिंचगूळ:
टाकी मध्यम आहे. पाण्याचा प्रश्न नाही हो, रविवारीच सगळं बदललंय. स्वतः टाकी घासली.

खाडीवाला:
मध्यम म्हणजे? लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, १००० ने भागा. आणि 'घासली' यात फिल्टरचा स्पंज आला का?

अंगणातली:
टाकी कोणत्या दिशेला आहे ते आधी सांगा. आणि काळा मासा आहे का? आठ सोनेरी, एक काळा असे नऊ ठेवतात. घरावरचं संकट काळा अंगावर घेतो.

चिंचगूळ:
४५ × २५ × ३०, म्हणजे पाणी ३० लिटर धरा. चार गोल्डफिश, एक सकर (काचेवरचं शेवाळ खाणारा मासा). स्पंज हो, नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. काय तो चिकट चॉकलेटी गाळ निघाला, विचारू नका! खडे उकळत्या पाण्यातून काढले. आमच्याकडे सध्या टँकर येतो. ताई, टाकी टीव्हीशेजारी आहे, दिशा माहीत नाही.

सोनटक्का:
त्या चिकट गाळातच तुमची टाकी जिवंत होती. मासे श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. स्पंजमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे त्याचं नायट्रेट, जे मानाने निरुपद्रवी. ही वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती क्लोरीनच्या नळाखाली धुतली, उरलीसुरली निळ्या औषधाने (मिथिलीन ब्ल्यू असणार) मारली. आता ३० लिटरमध्ये चार गोल्डफिश स्वतःच्याच अमोनियात बसलेत. तसेही ते तिथे दाटीवाटीतच होते.

एक सांगा, पांढरे ठिपके नेमके कुठे होते? अंगभर, शेपटीवरही, की फक्त गालांवर?

चिंचगूळ:
आता नीट बघितलं. कल्ल्यांच्या झाकणांवर आहेत आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर, रवा चिकटल्यासारखे ओळीने. बाकी अंगावर एकही नाही. तो हल्ली दुसरीच्या मागे सारखा धावत होता, म्हणून वाटलं खाज येतेय.

सोनटक्का:
अहो, तो वयात आलाय! विणीच्या दिवसांत नराला असे दाणे येतात. आजार नव्हताच. 'इक' (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असता तर ठिपके कुठेही विखुरलेले दिसले असते, शेपटीवर हमखास.

भुकेला_७७:
शीर्षक वाचून बोंबील फ्राय बिघडला असेल म्हणून आलो होतो. चालू द्या.

मीठभाकर:
आजार असो नसो, मीठ टाकाच.

सोनटक्का:
मिठाने अमोनिया जात नाही, दादा. नायट्राइट वाढलं तर मिठातल्या क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून आत शिरत नाही, तिथे तुमचं बरोबर. पण सकरला मीठ सोसत नाही. आज नको.

मीठभाकर:
पुस्तकी माहिती. माझ्याकडे सकरही होता.

खाडीवाला:
'होता'?

मीठभाकर:
तो वयाने गेला.

खाडीवाला:
असो. चिंचगूळ, अमोनिया आणि पीएच मोजायचं थेंबांचं किट आणा, पट्ट्यांवर विसंबू नका. तोवर निम्मं पाणी बदला. नवं पाणी हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) घालून, टाकीइतक्याच तापमानाचं. हवेचा पंप पूर्ण जोरात. खाणं तीन दिवस बंद. नवीन औषध एकही नको.

चिंचगूळ:
रविवारीच तर सगळं पाणी बदललं म्हणून हे झालं म्हणताय, आणि परत पाणीच बदलू?

सोनटक्का:
रविवारी तुम्ही वस्ती धुतलीत. आता फक्त विष बाहेर काढायचंय. स्पंजला हात लावू नका.

चिंचगूळ:
किट आणलं. अमोनिया २, पीएच ८.२. किटच्या नळीतलं पाणी हिरवं झालं एकदम.

खाडीवाला:
वाईट आहे. त्याच अमोनियाचा विषारी भाग पीएच ८ ला ७ च्या जवळपास दसपट असतो, आणि तापमान चढलं की आणखी वाढतो. रोज निम्मं पाणी, आकडा ०.२५ च्या खाली येईपर्यंत.

सदाफुली:
पुण्यात असाल तर माझ्या चालू टाकीतला जुना स्पंज घेऊन जा, कोथरूडला. पिशवीत टाकीचंच पाणी घालून न्या, वाटेत सुकू देऊ नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मीठभाकर:
दुसऱ्याच्या टाकीतून रोग आणाल.

सदाफुली:
दोन वर्षांत एक मासा दगावला नाही, आणि तोही मांजरामुळे.

खाडीवाला:
म्हणजे एक दगावला.

(पाच दिवसांनी)

चिंचगूळ:
सदाफुलीताई, खूप आभार. स्पंज फिल्टरमध्ये माझ्या स्पंजाशेजारी खोचलाय. अमोनिया आज ०.२५. वर येऊन तोंड उघडणं थांबलं, सोललेला उकडलेला मटार दिला तर झडप घातली. पण नवीनच प्रकार: परांच्या कडा आणि पाठीवर काळे डाग आलेत! दुकानदार म्हणतो बुरशी, पिवळं औषध न्या. नेऊ का?

सोनटक्का:
नका!! अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना अशीच काळी पडते. काही आठवड्यांत जाईल. मोठ्या टाकीचं मात्र बघा.

अंगणातली:
काळा झाला ना? मी सांगितलं होतं, संकट अंगावर घेतलं त्याने. दिशा बघितलीत का?

चिंचगूळ:
वायव्य निघाली, ताई.